छत्तिसाव्या भागाचा टाका

३ मार्च

आज मी भाजीची पिशवी फुटपाथवरच विसरून आले. जन्मभर सिस्टर म्हणून लोकांना सुया टोचल्या, तेव्हा कधी काही विसरले नव्हते.

राजकमल चौकातून भाजी घेऊन येत होते. खुशालराव फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा ढीग मांडून बसतो, तिथं सवयीनं वाकले. त्यानं ढिगातून नाही, मागच्या पिशवीतून एक पुस्तक काढलं आणि माझ्या हातात दिलं. ‘गलबत माला’, भाग दुसरा! मुखपृष्ठावर तोच कप्तान दुलबा, एक पाय तोफेवर, डोळ्याला दुर्बीण. पहिल्या पानावर निळ्या शाईत: ‘देवमन व मनकर्णा, दर्यापूर. वाचून परत करणे.’ अक्षर माझंच, चौथीतलं.

म्हणजे हे आमचं पुस्तक, माझ्या भावाच्या वाट्याचं. माला छत्तीस भागांची. बाबा दर्यापूरच्या स्टँडवरून एक भाग माझ्या नावानं आणत, पुढचा देवमनच्या. त्यामुळे एक, तीन, पाच माझे. दोन, चार, सहा त्याचे. एका घरात होतो तोवर कोणाला फरक पडत नव्हता. माय गेली, आमचं बोलणं तुटलं, आणि माझे भाग खोक्यात भरून अमरावतीला आले. तेव्हापासून माझ्या कपाटात एक, मग फट, तीन, मग फट. लोक म्हणतात, जवळ सरकवा, बरं दिसेल. मी सरकवत नाही. मालेतले मधले भाग गेले की कपाट दात पडलेल्या तोंडासारखं दिसतं, पण दात होते हे तरी कळलं पाहिजे.

आणि हा देवमन ते भाग रद्दीत घालून राहिला! बाबांनी आणलेली पुस्तकं! काही लाजशरम?

एक स्पष्ट लिहून ठेवते. मायीच्या मातीच्या दिवशी चार लोकांसमोर मी त्याला बजावलं होतं, “तुह्या हातची कोनतीच वस्तू आता मी घेनार नाई.” तो शब्द मी मोडलेला नाही. हे पुस्तक मी खुशालरावकडून विकत घेतलं आहे.

६ मार्च

चौथा भाग आला. त्याच पिशवीतून. पानापानात कडुलिंबाचा वाळलेला पाला, बाबा ठेवायचे तसा. खुशालराव रद्दीवाला असून निगुतीचा माणूस आहे, मानलं पाहिजे.

दुपारी कूलर लावून वाचत पडले. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो पन्नाशीत, पण शिडांची नावं मला नवव्या वर्षी पाठ होती. एकाच पुस्तकात संपणाऱ्या गोष्टी मला कधी फारशा आवडल्या नाहीत. संपलं की माणसं गेली. तसं जाणं वॉर्डात पुष्कळ पाहिलं. मालेत माणूस जात नाही. दुलबा पुढच्या महिन्यात येणारच, गालावर तोच वण, तोंडात तीच शिवी.

शेवटच्या प्रकरणाच्या कडेला सुईची भोकं अजून आहेत. तो मायीचा कायदा. देवमन आधी वाचून मला शेवट सांगून टाकायचा आणि घरात मारामारी व्हायची. म्हणून नवा भाग आला की माय सुई घ्यायची आणि शेवटचं प्रकरण काळ्या दोऱ्यानं शिवून टाकायची. दोघांचं तिथवर वाचून झालं की टाका उसवायचा, आणि शेवट दोघांनी मोठ्यानं वाचायचा, एक पान मी, एक पान त्यानं. मी कधी फटीतून डोकावले नाही. कायदा म्हणजे कायदा.

९ मार्च

पायलचा फोन. देवमनची मुलगी, अकोल्यात शाळेत शिकवते. तिच्याशी माझं बोलणं आहे, तिनं माझं काही बिघडवलेलं नाही. “जयभीम आत्या” म्हणाली आणि रडायलाच लागली. शुगरनं देवमनचा डावा डोळा गेला. उजव्यात रक्त उतरून राहिलं. ऑपरेशन करायचं आहे, पण शुगर खाली आल्याशिवाय डॉक्टर हात लावत नाहीत. करूनही दिसेलच असं नाही.

“आत्या, त्याईले दिसून राहिलं तोवर एकदा येऊन जा.”

मी विचारलं, इन्सुलिन किती, जेवणाआधी घेतो की नंतर. सगळं नीट समजावून सांगितलं. येते म्हणाले नाही. फोन ठेवला तोवर वरण करपलं होतं. शेगडी नीट करून घ्यायला पाहिजे.

मी जाऊ? मायीला मी माझ्या वॉर्डात ठेवली होती, ऑक्सिजन लावून, माझ्या नजरेसमोर. तिला पाण्याचा पेला धरवत नव्हता. आणि हा तिला उचलून अकोल्याला घेऊन गेला. कारण काय, तर “मायले घरी जायचं हाय.” चौथ्या दिवशी गेली. माझी ड्युटी होती, मधे मला जाता आलं नाही. ते चार दिवस ती कशी तडफडली असेल, हे एकोणीस वर्षं माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. त्याला डोळे होते तेव्हा दिसलं नाही. आता मी काय दाखवू?

१८ मार्च

बारावा भाग आला. सगळं ओळीनं येऊन राहिलं, एकही नंबर पुढे-मागे नाही. नशीब म्हणायचं.

संध्याकाळी वामनराव चहाला आले. निवृत्त प्राध्यापक, आमच्या जुन्या पुस्तकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन. भिंगातून भोकं पाहिली आणि म्हणाले, “कसर लागलीय. प्रतीची किंमत उतरली.”

म्हटलं, “सर, कसर अशी ओळीनं नाई लागत.”

त्यांचा जीव छत्तिसाव्यात आहे. म्हणे प्रेस बंद पडायच्या आधी त्याच्या थोड्याच प्रती निघाल्या, कोणाकडेच नाही. “तुमच्या हाती आला तर आधी मला.” मी नुसती बिस्किटं पुढे केली.

छत्तिसावा आमच्या दर्यापुरात पोहोचलाच नाही. पस्तिसाव्याच्या शेवटी दुलबा धुक्यात एकटा, सुकाणू मोडलेलं, आणि समोरून कोणत्यातरी गलबताची घंटा. मी सातवीत होते. देवमन म्हणायचा, दुश्मनाचं गलबत. मी म्हणायची, आपल्यांचं. भांडून भांडून जेवणं थंड व्हायची. ती घंटा अजून माझ्या डोक्यात वाजते. देवमनकडे तो भाग असेल का? समसंख्या त्याच्या. असेल तर शेवटी तोच येईल.

२ एप्रिल

आधी दोन-तीन दिवसांनी पुस्तक यायचं. अठरावा यायला आठवडा लागला. आज खुशालरावशी भांडले.

“भाव चढवाले अडवून राहिले का?”

“नाई व मनकर्णाताई. मानूस जसं देते तसं मी देतो. तो तरी काय करन, त्याले आता...” आणि पुस्तकांवरची धूळ झटकायला लागला.

“त्याले आता काय?”

“काई नाई. गरमी बम हाय मनलं.”

वामनरावांनी त्याला दुप्पट भाव देऊ केला होता, तरी दिलं नाही म्हणे. “हे ताईचे हायेत” म्हणून सांगितलं. इमानी आहे. माझं नाव मी त्याला कधी सांगितल्याचं आठवत नाही, पण दुकानदार लोक गिऱ्हाईक लक्षात ठेवतात.

२१ एप्रिल

चोविसावा. उघडला आणि डोकंच फिरलं. प्रत्येक ओळीखाली पेन्सिलची रेघ! पुस्तकात रेघा ओढणाऱ्या माणसाला मी घरात घेत नाही. त्याही धड नाहीत. काही ओळीवरूनच गेल्यात, काही खाली घसरून समासात गेल्यात. रद्दीत टाकायच्या आधी कोणा पोरासोराच्या हाती दिलं असणार. इतकी आबाळ?

दुपारभर बसून रबरानं एकूणएक रेघ पुसली. हात भरून आला, पण पुस्तक स्वच्छ झालं.

३० एप्रिल

पायलचा फोन. शुगर उतरली. वीस मेला ऑपरेशन, अकोल्यातच. डॉक्टर म्हणाले, निम्मी-निम्मी आशा. मी “बरं” म्हटलं. ती म्हणाली, “बाबा काई मनत नाई. पन दार वाजलं का मान वर करतात.”

मी काय करू त्याला? मान वर करायला एकोणीस वर्षं होती की.

अठ्ठाविसावा आला. रेघा आणखी वाकड्या. पुसायला घेतलं, पण आज मन लागलं नाही. तसाच ठेवून दिला.

१३ मे

काल बुद्धपौर्णिमा. विहारात वंदना झाली, खीर वाटली. डोळे मिटले की माय दिसायची, काल देवमन दिसला. तेरा-चौदा वर्षांचा, तोंडानं घंटा वाजवत अंगणात फिरणारा. उठून बाहेर आले.

तिसावा येऊन पुष्कळ दिवस झाले. खुशालरावकडे रोज जाते. आज त्यानं माझ्याकडे न पाहता सांगितलं, “ताई, आता येनार नाई वाटते.” बत्तीस, चौतीस, छत्तीस. तीन फटी राहिल्या.

आणि वर वामनरावांचा फोन! त्यांनी माग काढला. “अकोल्याहून येतात हो ती पुस्तकं. कोणी दृष्टी गेलेला गृहस्थ आहे. त्याला आता पुस्तकांचा काय उपयोग? येत्या सोमवारी जाऊन सगळं उचलतो.”

गृहस्थ! काय उपयोग! हे माझ्या भावाबद्दल, मलाच सांगून राहिले! फोन आपटला. आणि मग बसून विचार केला. सोमवारी एकोणीस तारीख. मंगळवारी ऑपरेशन. मी रविवारीच जाईन.

पुस्तकासाठी जाते आहे. इथं लिहून ठेवते, पुस्तकासाठी.

१८ मे, अकोला

पायलच्या खोलीत बसून लिहीत आहे. अक्षर बिघडतंय, बिघडू दे.

एसटीत मूर्तिजापूरपर्यंत मी मनात वाक्यं जुळवली. पाणीदार, झोंबणारी. दारात पोहोचले तेव्हा एकही आठवलं नाही.

देवमन खिडकीशी बसला होता. किती वाळला! समोर बत्तिसावा भाग उघडा, त्यावर भिंग, हातात पेन्सिल. नाक पुस्तकाला लागलेलं. ओळ हरवू नये म्हणून पेन्सिल ओळीखालून सरकवत होता, आणि पेन्सिल ओळीवरूनच जात होती.

मी काही बोलले नव्हते. तरी त्यानं मान वर केली. “मने?” मनकर्णाची ‘मने’ मी फक्त घरातच व्हायची.

“कसं वयखलं?”

“जमीन फोडत चालतं तू. तूच असशीन.”

म्हणायचं काय होतं आणि तोंडातून काय निघालं! “छत्तिसावा कोठी हाय?”

तो हसला. “आली तं आली, पुस्तक मांगाले आली.”

“बाकीचे रद्दीत घातले ना तुनं? बाबाचे पुस्तकं!”

पायल पाणी घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली. “रद्दीत? आत्या, बाबा एकेक भाग वाचून काढत, शेवटचं एकदा मनून. मंग पाला घालून एसटीनं त्याईच्या दोस्ताकडे, खुशालकाकाकडे पाठवत. तू बाबाच्या हातचं घेत नाई मनून.”

मी स्टूल ओढून त्याच्याजवळ बसले. मला दुसरं काही आठवलं नाही, फक्त रबर आठवलं. दुपारभर घासून घासून पुसलेल्या त्या रेघा. तेवढंच तर त्याला दिसत होतं, आणि मी ते पुसलं.

“दादा,” मी म्हटलं. एकोणीस वर्षांत हा शब्द तोंडात आला नव्हता.

त्यानं उशाखालून पुस्तक काढलं. “हा पाठोता येत नव्हता. हा ना तुहा, ना माहा. दोघाईचा हाय.”

भाग छत्तिसावा. शेवटचं प्रकरण काळ्या दोऱ्यानं शिवलेलं.

“कोनं शिवलं?”

“मायनं.”

“खोटं बोलू नको.”

“नागपूरले सीताबर्डीवर सापडला होता मले. माय दवाखान्यातून घरी आली, दुसऱ्या दिवशी तिले दाखोला. उठून बसली. मनते, सुई दे. मनकर्णा येईन, तुमी दोघं भांडसान. सुईत दोरा बी तिनंच ओवला. मी ओवू लागलो तं हातावर चापट मारली.”

पुस्तक उजेडात नेऊन टाके पाहिले. जन्म टाके पाहण्यात गेला माझा. शेवटी मायीची दुहेरी गाठ, जी घरात कोणालाच जमली नाही. एका रेषेत, सारख्या अंतरावर. तडफडणाऱ्या बाईचे हे टाके नाहीत. बसून, सावकाश, गप्पा मारत घातलेले आहेत. मला चहा कर म्हणाली असेल, कूलर बंद कर म्हणाली असेल.

“मले काहून नाई सांगतलं?”

“तू आयकत होती का?”

मी रडले. मोठ्यानं, पायलसमोर, पुस्तक छातीशी धरून. तो म्हणाला, “दोरा भिजवू नको, तुटन.”

१९ मे

सकाळपासून मी मोठ्यानं वाचलं. टाक्यापर्यंतचं त्याचं मागेच वाचून झालं होतं, माझं व्हायचं होतं. दार बंद, पडदे ओले, कूलरची घरघर. बाहेर अकोला नुसतं भाजून निघत होतं. दुलबा धुक्यात आणि आम्ही दोघं घामाघूम.

मधेच वामनराव आले. दारातच सांगितलं, “सर, वाचून व्हायचं हाय.” “किती वेळ लागेल?” म्हणाले. म्हटलं, “सांगता येत नाई.” पायलनं त्यांना सरबत दिलं आणि ते गेले.

दुपारी चिमट्यानं गाठ न तोडता टाका उसवला, दोरा जपून ठेवला. एक पान मी. एक पान तो, भिंग धरून, एकेक शब्द चाचपडत. मला शंभरदा वाटलं सांगावं, नाही सांगितलं. त्याच्या नंबरात तोंड घालायचं नाही, हाही कायदाच. घंटा जवळ आली. गलबताचं नाक धुक्यातून बाहेर आलं, पण कोणाचं ते अजून कळलं नव्हतं. शेवटचं पान त्याच्या वाट्याला आलं आणि त्याच्या डोळ्यातून घळाघळा पाणी वाहू लागलं.

“आता अक्षरं नाई दिसून राहिले, मने.”

“मी वाचू?”

“नाई. माहा नंबर हाय.” पुस्तक मिटून माझ्याकडे दिलं. “पट्टी निंघाली का वाचतो. तोवर शिव.”

मायीच्याच भोकांतून, मायीच्याच दोऱ्यानं मी ते पान शिवलं. आमच्या दवाखान्याची गाठ मारली, कधी न सुटणारी. मला भीती वाटून राहिली. ही भीती कशाची आहे ते मी आता पुस्तकावर ढकलणार नाही. देवमन पुन्हा वाचू शकला नाही तर, ही ती भीती आहे.

२० मे

ऑपरेशन झालं. आत गेला तेव्हा माझा हात सोडेना. सिस्टर तरुण होती, म्हणाली, नातेवाईकांनी बाहेर थांबा. हे वाक्य मी लोकांना किती वेळा सांगितलं असेल! पहिल्यांदाच कळलं किती लागतं ते. बाहेर बाकावर पुस्तक मांडीत धरून बसले. उघडलं नाही.

२१ मे

पट्टी काढली. डॉक्टरांनी समोर हात धरला. “बोटं किती?” देवमननं बराच वेळ पाहिलं. “हात हाय येवढं समजते. बोटं नाई.” डॉक्टर म्हणाले, आत गॅस भरला आहे, तो जिरायला वेळ लागेल, महिना-दीड महिना. दिवसभर पालथं झोपायचं. मग कळेल. चेहऱ्यावरून मला काही वाचता आलं नाही. डॉक्टरांचे चेहरे वाचण्यात मी पटाईत होते.

२४ मे

पालथा पडून पडून कंटाळला आहे. आज म्हणाला, पुस्तक दे. खाटेच्या कडेनं हात खाली सोडून दिला, मी पुस्तक हातात दिलं. बोटांनी टाके चाचपत राहिला.

“लय घट्ट घातले व तुनं. माय ढिले घाले.”

“ढिले?”

“बोट जाये आतमंदी. पान उचललं का सगळं निरानाम दिसे.”

मला समजायला वेळ लागला. “दादा, तू डोकावत होता?”

“सगळे वाचले मी. पस्तीसच्या पस्तीस.”

“अन् मंग माह्यासंग बसून ‘आं? असं झालं? बापा रे!’ करत होता, ते?”

“सोंग,” म्हणाला, आणि पाठ हलायला लागली. हसत होता. “मायले बी ठावं होतं.”

मी इतकी चिडले! पस्तीस पुस्तकं! मी कायदा पाळत बसले आणि घरातली दोघं मला बनवत होती! म्हटलं, “मंग याचंही शेवटचं पान वाचलं असन तुनं. एकोनीस वर्सं उशाखाली होता.”

“याचं नाई वाचलं.”

“काहून? बोट जात होतं ना?”

“वाचून सोंग कोनासमोर करू?”

त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. थोड्या वेळानं तो झोपला.

पायलकडून कात्री घेतली आणि माझी गाठ कापली. त्याच भोकांतून पान पुन्हा शिवलं, उरलेल्या दोऱ्यात. अमरावतीला आठवड्यानं जाणार होते, आता त्याचं पाहणं नीट कळेपर्यंत इथंच राहीन. पुस्तक त्याच्या हाताशी, खाटेखाली ठेवलं आहे. टाका ढिला घातला आहे, एक बोट जाईल इतका.